नावाची पाटी नसलेला लेथ: इंग्लंडचा, बटाल्याचा की आणखी कुठला?

तेलकट बोटं

मंडळी, एक बंद पडलेलं वर्कशॉप रिकामं होत होतं, तिथून जुना लेथ (धातू फिरवून कातायचं यंत्र) उचलला. साडेचार फुटी बेड (ज्यावर सगळं बसतं तो लांब पाया), कोन पुलीचा (पायऱ्यापायऱ्यांच्या पुलीचा). म्हणजे मूळचा लाइन शाफ्टवर पट्ट्याने फिरणारा. नंतर कुणीतरी मागे अँगल वेल्ड करून त्यावर मोटर चढवलीय. हेडस्टॉकवर (जॉब फिरवणाऱ्या डाव्या डोक्यावर) पाटी नाही, पाटीच्या रिव्हेटची दोन भोकं तेवढी उरलीत. विकणारा शपथेवर सांगत होता, "इंग्लिश माल आहे, साहेबाच्या काळातला." माझा मेव्हणा (त्याला सगळंच कळतं) लेथ बघताक्षणी म्हणाला, "बटाला. फसलास." म्हणजे पंजाबातल्या बटाल्याची नक्कल.

फसलो की नाही ते राहू दे, लेथ चालतोय. पण हा मूळचा कुणाचा, हा किडा डोक्यातून जात नाही. एक गंमत सांगतो. बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) दोन्ही पायांवर मधोमध उठावाची लंबगोल चौकट आहे, एखादं नाव टाकायला करावी तशी. आत मात्र काहीच नाही. कोरी करकरीत.

कुणी ओळखू शकेल का?

शून्य शून्य दोन

फोटोशिवाय धागा म्हणजे टूलशिवाय टूलपोस्ट. फोटो टाका.

तेलकट बोटं

टाकतो. आधी गंज उतरवू द्या, नाहीतर मेव्हण्याची बाजू घेणारे वाढतील.

निवृत्त टर्नर

फोटोची घाई नाही. पाटी तर मुळीच मनावर घेऊ नका. पाटी दोन रिव्हेटवर बदलते. लीड स्क्रू (आटे पाडताना टूल सरकवणारा लांब स्क्रू) बदलायचा तर हाफ नट (त्याला पकडणारा उघडता नट), चेंज गिअर (वेगळे आटे पाडायला बदलायचे गिअर), आटे पाडायचा तक्ता, सगळं घराणंच बदलावं लागतं. म्हणून आधी लीड स्क्रू पुसा, त्यावर इंची पट्टी धरा आणि एका इंचात किती आटे बसतात ते मोजा. इंचाला ४ किंवा ८ पूर्ण बसले तर घराणं इंग्रज नाहीतर अमेरिकन. इंचात बसत नाहीत आणि ६ मिलिमीटरला एक येतो, तर युरोप.

मग बेड बघा. जुन्या इंग्रजी लेथचा बेड वरून सपाट असायचा आणि हेडस्टॉकपुढे गॅप असायची, म्हणजे मोठं चाक बांधायचं असलं की मधला तुकडा काढून खड्ड्यात फिरवायचं. अमेरिकनांचा कल उलट्या व्हीकडे, म्हणजे बेडवर उठलेल्या टोकदार कडेकडे. सॅडल (टूल वाहून नेणारा सरकता भाग) त्या व्हीवर बसतं, झिजलं तरी आपोआप खाली बसत जातं.

तिसरं म्हणजे चक उतरवून स्पिंडलचं नाक बघा. आट्यांचं आहे, टेपरचं (निमुळतं) आहे की कॅमलॉक (खटक्याने अडकणारं)? आट्यांचं असेल तर व्यास आणि इंचाला किती आटे ते सांगा. आणि क्रॉस स्लाइडच्या डायलवर किती रेघा आहेत तेही मोजा. एवढं करा, मग फोटो.

सूतगज

काका, आणखी एक खूण. इंग्रज लेथचं माप सांगतो ते सेंटरची बेडपासूनची उंची. अमेरिकन सांगतो स्विंग, म्हणजे त्याच्या दुप्पट. त्यामुळे इंग्रजाचा साडेचार इंची आणि अमेरिकनाचा नऊ इंची लेथ एकाच अंगाचा. आणि आपल्या बाजारात लेथ विकतात बेडच्या लांबीवर. साडेचार फुटी, सहा फुटी, आठ फुटी, जणू सागाची फळी मोजतायत. धागाकर्त्याने पहिल्याच ओळीत "साडेचार फुटी" लिहिलंय यावरून तो आपला माणूस हे सिद्ध, लेथचं नंतर बघू :)

तेलकट बोटं

मोजलं. लीड स्क्रू इंचाला ४ आटे. बेड पुढे व्ही, मागे सपाट, आणि गॅप आहे. स्पिंडलचं नाक आट्यांचं, दीड इंच व्यास, इंचाला ८ बहुतेक. क्रॉस स्लाइडच्या डायलवर १०० रेघा. टेलस्टॉकला (जॉबला दुसऱ्या टोकाने आधार देणाऱ्या भागाला) मोर्स टेपरचं तीन नंबरचं सेंटर चपखल बसतं.

लेथसोबत पत्र्याच्या डब्यात चेंज गिअर मिळालेत. त्यातला एक मोठ्या ताटाएवढा. दात मोजले तर १२७. मला वाटलं चुकलो, खडूने खूण करून पुन्हा मोजले. १२७. तिसऱ्यांदा बायकोकडून मोजून घेतले. १२७ च. कुणाचा तरी १२८ करताना एक दात हुकला का?

निवृत्त टर्नर

वहिनींचं अभिनंदन! त्या गिअरला जपा. इंचाच्या लीड स्क्रूवर मिलिमीटरचे आटे पाडायचे तर तोच लागतो. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. दशांश घालवायला ५ ने गुणलं की १२७ येतात, आणि ही मूळ संख्या आहे, तिचे भाग पडत नाहीत. म्हणून गिअरला दातही तेवढेच द्यावे लागतात. तुमच्या लीड स्क्रूवर दीड मिलिमीटर पिच (दोन आट्यांतलं अंतर) हवा असेल तर चालवणारा ३० दातांचा, चालणारा १२७ चा. मध्ये कोणताही आयडलर (नुसता जोडणारा गिअर).

छोट्या लेथवर एवढा मोठा गिअर मावत नाही, म्हणून काही जण ८० आणि ६३ च्या जोडीवर भागवतात. मीटरभर लांबीत जेमतेम अष्टमांश मिलिमीटरचा फरक पडतो. बोल्ट-नटाला त्याचं काही सोयरसुतक नसतं.

बेडकी

थोडं अवांतर. आपल्याकडे मेट्रिकचा कायदा १९५६ चा, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने अंमल. तरी आज राजकोटचा नवा लेथ घ्या, लीड स्क्रू बरेचदा इंचाला ४ आट्यांचाच मिळेल. सरकारने इंच बाहेर काढला, पण लेथच्या पोटातून तो काही निघाला नाही. हार्डवेअरच्या दुकानात अजून "दोन सूत बोल्ट" मागतात. सूत म्हणजे अष्टमांश इंच, हे नव्या पोरांना सांगावं लागतं.

स्पष्टवक्ता

एवढ्या गप्पांपेक्षा सरळ लिहा ना. साहेबाचा लेथ फोडून बघितला, तसाच ओतला, पाटी बदलून विकला. आपल्या लोकांनी लेथमध्ये स्वतःचं असं काय केलं? चोरीचा माल आणि वर घराणं कसलं शोधताय?

मशीनवेडा

स्पष्टवक्ता साहेब, मग साऱ्या जगालाच चोर म्हणा. जपानमध्ये इकेगाईने पहिले लेथ बनवले ते १८८९ साली, इंग्रजी लेथ समोर ठेवून. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड गावी ओब्रायन नावाच्या जुळ्या भावांनी १९०६ मध्ये कारखाना काढला. त्यांच्या नऊ इंची लेथची पिलावळ बघा. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडचा हर्कस तोच. इंग्लंडमध्ये हॅलिफॅक्सचा बॉक्सफर्ड तोच. स्वीडन, ब्राझीलमध्येही त्याचे भाऊबंद निघाले. हर्कस आणि बॉक्सफर्डच्या स्पिंडलचं नाकसुद्धा साउथ बेंडसारखं दीड इंच, ८ आटे. धागाकर्त्याच्या लेथचं आहे तेच. ज्या इंग्रजाकडून आपण नक्कल केली म्हणता, तोही अमेरिकनाची नक्कल करत होता.

चीनमध्ये सी-६२० आला तो सोव्हिएत १ए-६२ वरून. त्यांच्या १९६० सालच्या दोन युआनच्या नोटेवर लेथवर काम करणारा कामगार छापलाय! आणि सोव्हिएत लेथचं नावच होतं "डिप", म्हणजे रशियनमध्ये "गाठू आणि मागे टाकू" ची आद्याक्षरं. यापेक्षा प्रामाणिक पाटी कुणी लावली असेल तर सांगा. अलीकडचं उदाहरण हवं असेल तर ऑस्ट्रियाच्या एम्कोचा कॉम्पॅक्ट ८ घ्या. तैवान-चीनचे ९ बाय २० चे लेथ जगभर खपले ते त्याचेच अवतार.

स्पष्टवक्ता

ठीक. पण परवाना घेऊन बनवणं आणि गुपचूप ओतणं एक नव्हे.

मशीनवेडा

हे मात्र मान्य. आपल्याकडे दोन्ही झालं, आणि दोन्ही वाटांनी गेलेले लेथ आजही एकमेकांशेजारी उभे दिसतात.

राजमार्ग एचएमटीचा. भारत सरकारने स्वित्झर्लंडच्या ऑर्लिकॉनशी १९४९ मध्ये करार केला, १९५३ मध्ये हिंदुस्थान मशीन टूल्स कंपनी स्थापन झाली आणि बंगळूरजवळ जलहळ्ळीला लेथ बनू लागले. नकाशे, टॉलरन्स, तपासणीची पद्धत, सगळं स्विस. पुढे मिलिंग मशीनसाठी जर्मनीच्या फ्रिट्झ वर्नरचा हात धरला. नंतर पिंजोर, कळमशेरी, हैदराबाद असे कारखाने वाढत गेले. त्यांच्या एनएच-२२, एनएच-२६ मधला आकडा म्हणजे सेंटरची उंची, सेंटिमीटरमध्ये. म्हणजे माप उंचीतच सांगायचं, पण इंच सोडून. स्विस संस्कार!

त्याआधीची गोष्ट आपल्या जवळची आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिक्षक होते, मग बेळगावला सायकलचं दुकान, लोखंडी नांगर, आणि १९१० मध्ये औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी. लेथचा मोठा कारखाना मात्र १९४१ मध्ये तुंगभद्रेकाठी हरिहरला उभा राहिला, म्हैसूर किर्लोस्कर या नावाने. साल बघा. महायुद्ध पेटलेलं, विलायतेतून मशीन यायची बंद, आणि इथे दारूगोळ्यापासून रेल्वेपर्यंत सगळ्यांना लेथ हवे. हैदराबादेत प्रागा टूल्स १९४३ चं. कोइमतूरला पीएसजीची औद्योगिक संस्था १९२६ पासून होतीच, पुढे तिचे लेथही नावाजले. आयात आटली की नक्कल सुरू होते, हे ऑस्ट्रेलियात झालं तसंच इथेही झालं.

निवृत्त टर्नर

किर्लोस्करच्या टर्नमास्टरवर मी अकरा वर्षं उभा राहिलो. नंतर एनएच-२२ वर. दोघांच्या आवाजात फरक होता. एनएच चालताना शेजारच्या माणसाशी बोलता यायचं. टर्नमास्टर बोलू द्यायचा नाही, पण कट मागाल तेवढा घ्यायचा. (हे शास्त्र नव्हे, सवय.)

पॅटर्नवाल्याची लेक

इतका वेळ नुसती वाचत होते. आता राहवत नाही.

माझे बाबा आयुष्यभर फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न (वाळूत साचा उठवायचे नमुने) करायचे. सगळेजण लीड स्क्रू आणि स्पिंडल बघताय, ते बरोबरच आहे. पण नक्कल कशी केली हे बिडाला विचारा.

बीड ओतताना लाल असतं, थंड होताना आटतं. फुटाला साधारण एक सूत. म्हणून पॅटर्न करणाऱ्याची फूटपट्टी वेगळी असते. तिच्यावरचा "एक फूट" खरा बारा इंच आणि वर एक सूत. लहानपणी मी त्या पट्टीने वहीत समास आखला होता आणि बाईंनी विचारलं होतं की तुझी वही मोठी आहे का. तर, जो रीतसर नकाशावरून लेथ करतो तो या पट्टीने पॅटर्न करतो, आणि कास्टिंग आटून बरोबर मापाला येतं. जो मोजमाप घेऊन नक्कल करतो, पण सुतार हाताशी चांगला आहे, त्याचंही बरोबर येतं. पंजाबात बटाला-लुधियानाकडे हे काम वाढलं त्यात रामगढिया लोकांचा, म्हणजे परंपरेने सुतार आणि लोहार असलेल्यांचा, मोठा वाटा होता. लेथ ओतायला सुतार लागतो, हे पटायला वेळ लागतो लोकांना.

तिसरा प्रकार आळशाचा. साहेबाच्या लेथचा पाय सोडवायचा, तोच पॅटर्न म्हणून वाळूत दाबायचा. नावाची अक्षरं मेणाने नाहीतर लांबीने (पुट्टीने) भरून सपाट करायची. पण चौकट कोण घासत बसणार? ती तशीच उतरते.

धागाकर्ते, तुमची कोरी चौकट वाचल्यापासून माझ्या डोक्यात हेच आहे. असा पाय आटून मूळ पायापेक्षा फुटाला एक सूत लहान निघतो. मात्र सेंटरची उंची किंवा बेडच्या व्ही मोजू नका. तिथे मशीनिंग झालेलं असतं, माप जुळवून घेतलेलं असतं. जिथे प्लेनर (धातूचा पृष्ठभाग सपाट करणारं मशीन) लागलेला नाही, नुसती वाळूची खरखर आहे, तिथे मोजा. पायांची खालची रुंदी, एप्रनच्या (सॅडलच्या पुढच्या पेटीच्या) आतल्या कडा. मूळ लेथ कुणाकडे आहे का, हाच प्रश्न आहे.

शून्य शून्य दोन

दंडवत. धाग्याची खूण साठवून ठेवली.

बेडकी

+१. "वही मोठी आहे का" हे मेलं दिवसभर आठवणार.

आटेवाला

घराणं कुठलंही असो, माझा राग दुसरा आहे. पंधरा वर्षांपूर्वी मी कोरा लेथ घेतला. कंपनीचं नाव घेत नाही. दिसायला देखणा, ऑल गिअर (पट्ट्याऐवजी गिअरने वेग बदलणारा), पॉलिश असं की दाढी करावी. पहिल्या वर्षी छान चालला. दुसऱ्या वर्षापासून जॉब टेपर यायला लागले. चकमध्ये फूटभर दांडा धरून, टेलस्टॉक न लावता हलका कट मारला तर चकजवळ आणि टोकाला तीन थाऊचा (इंचाच्या हजारांशाचा) फरक. हेडस्टॉक सेट केला, लेव्हल केली, महिन्याभराने पुन्हा तेच. शेवटी लेव्हल बेडवर ठेवून हळूहळू सरकवली तेव्हा समजलं की बेडनेच पीळ घेतलाय.

कारण एकच. बीड ओतलं, आठवड्यात मशीन केलं, रंग लावला, विकलं. ओतलेल्या बिडात ताण असतो, तो निघायला वेळ द्यावा लागतो. जुने लोक बेड रफ मशीनिंग करून आवारात पावसापाण्यात टाकून ठेवायचे महिनोन्‌महिने. गंजले की लोक हसायचे. आता भट्टीत घालून ताण काढतात, तेही करायचं नसेल तर तिसरा उपायच नाही. आकाराची नक्कल केली, सोसायची पाळी मात्र गिऱ्हाइकावर.

निवृत्त टर्नर

आटेवाला भाऊ, अगदी खरं. आणि स्क्रेपिंग, म्हणजे हाताने खरवडून पृष्ठभाग सपाट करणं. नकाशा कागदावर मिळतो, स्क्रेपिंग हातातून हातात जातं. सरफेस प्लेटला निळा लावायचा, सॅडलवर फिरवायची, निळे ठिपके उठतात ते खरवडायचे, पुसायचं, पुन्हा निळा. आमच्या शॉपमध्ये एक वस्ताद होते, चौरस इंचात ठिपके मोजायचे बोटाने, चष्मा न लावता. ठिपके कमी दिसले की काही न बोलता स्क्रेपर परत हातात द्यायचे. तीन दिवसांत मी एक सॅडल केलं, त्यांनी दोन मिनिटांत नापास केलं.

जर्मनीच्या श्लेसिंगर नावाच्या प्राध्यापकांनी १९२७ मध्ये मशीन कशी तपासायची याचे तक्ते छापले. डायल गेज कुठे लावायचा, किती मायक्रॉन चालतील, सगळं. चांगला लेथ घ्यायचा तर पाटीऐवजी असा तक्ता भरून मागा. देशी कारखानदारांतही तो भरून देणारे होते आणि आहेत.

सूतगज

आणखी एक नाव घेतो, रोज तोंडात असतं पण माणूस कुणालाच आठवत नाही. "नॉर्टन गिअर बॉक्स". वेंडेल नॉर्टन, अमेरिकेतल्या हेंडी कंपनीत होता, पेटंट १८९२ चं. दांडा सरकवून पिच बदलायची सोय त्याची. आज खेड्यातल्या वर्कशॉपमध्येही विचारतात, "नॉर्टन आहे का चेंज गिअर?" पेटंटची मुदत संपून शंभरी उलटली, पण पाटी न लावता नाव टिकलं ते असं.

तेलकट बोटं

उशीर झाला त्याबद्दल माफी. दोन गोष्टी घडल्या.

एक, स्पिंडलचे आटे पिच गेजने नीट मोजले. ८ च आहेत. पण ६० अंशाचं गेज बसत नव्हतं, ५५ चं बसलं. म्हणजे व्हिटवर्थ. अमेरिकनाचं माप, इंग्रजाचा कोन.

दोन, या धाग्यावरच्या एका सदस्याने व्यक्तिगत निरोप पाठवला की त्यांच्या आजोबांच्या शेडमध्ये असाच लेथ आहे, सपाट बेडचा, पण पाय हुबेहूब. रविवारी तिथे गेलो. लंबगोल चौकट आहे, आणि तिच्यात ठसठशीत "मेड इन इंग्लंड" ओतलेलं. टेप लावला. पायाची खालची रुंदी, दोन्ही बाजूंना वाळूची खरखर, प्लेनर कुठेच लागलेला नाही. चोवीस इंच, नेमके.

घरी येऊन माझा मोजला. पावणेचोवीस.

पॅटर्नवाल्याची लेक

दोन फुटांना दोन सूत!! बाबा असते तर चहा टाकायला सांगितला असता.

स्पष्टवक्ता

म्हणजे चोरीच.

मशीनवेडा

पायांची चोरी. बेड बघा ना, मूळ सपाट होता, याने पुढे व्ही काढलाय. साहेबाचे पाय, साहेबाची गॅप, अमेरिकनाची व्ही. ज्याने केला त्याच्या आवारात दोन वेगळे लेथ उभे असणार आणि त्याने प्रत्येकातलं जे आवडलं ते घेतलं. व्ही असलेल्या बेडवर सॅडल बसवायला आतला सगळा हिशेब बदलावा लागतो, ते काम पाय वाळूत दाबून होत नाही.

निवृत्त टर्नर

तेलकट बोटं, सॅडल काढून बेडचा मागचा सपाट भाग बघा. स्क्रेपिंगच्या चंद्रकोरी दिसतात का? टेलस्टॉकच्या टोकाला बघा, तिथे झीज सगळ्यात कमी असते.

तेलकट बोटं

दिसतात. टेलस्टॉकच्या टोकाला हातभर लांबीत, अगदी स्पष्ट. तिरका उजेड टाकला की मासळीच्या खवल्यांसारख्या.

निवृत्त टर्नर

मग पायांचं विसरा. मेव्हण्याला बोलवा आणि १२७ चा गिअर लावून त्याच्यासमोर दीड मिलिमीटरचे आटे पाडा. हाफ नट मात्र शेवटचा कट होईपर्यंत उघडू नका. इंचाच्या लीड स्क्रूवर मेट्रिक पाडताना एकदा उघडलात की टूल दुसऱ्याच आट्यात शिरेल. मोटर उलटी फिरवून मागे या.

तेलकट बोटं

मोटर उलटी फिरत नाही, काका. सिंगल फेज आहे, वायर चारच बाहेर आल्यात. नवीन धागा काढू का?